आमेनच्या आधी

शेषरावांनी डोळे मिटून संध्याकाळची प्रार्थना सुरू केली आणि दारावर थाप पडली. सतरंजीवरच्या तिघांपैकी कोणी हललं नाही. प्रार्थना चालू असताना उठायचं नाही, आलेल्यानं आमेन होईस्तोवर बाहेर थांबायचं, हा परतवाड्यातल्या त्या ख्रिस्ती घराचा जुना रिवाज होता.

"मी पार्बताबाई, योगेशची माय," बाहेरून आवाज आला. "दोन शब्द बोलाचे होते जी."

याच योगेशनं दारू पिऊन जीप हाकली होती आणि शाळेत शिकवून घरी येणाऱ्या नीलमला चिरडलं होतं. नीलम त्यांची थोरली लेक. योगेश आता तुरुंगात होता.

पुण्याहून आलेला धाकटा अंकुर कुजबुजला, "उघडू नका, बाबा. आजकाल माफ करणाऱ्याले लोक बावळट समजतात."

शेषरावांनी तर केव्हाच माफ केलं होतं. नीलमच्या मातीनंतरच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून त्यांनी तसं सांगितलं, तेव्हा अख्खी मंडळी रडली होती. रोज शेवटी प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर' ही क्षमेची ओळ आली की त्यांचा आवाज चढायचा आणि बायकोचा, तानुबाईंचा, बंद व्हायचा. मन कठोर करू नये, असं त्यांनी तिला कितीदा तरी ऐकवलं होतं.

आज ते त्या प्रार्थनेपर्यंत पोहोचतच नव्हते. चर्चच्या पाळकांसाठी मागून झालं, आजाऱ्यांसाठी झालं, सरकारसाठी झालं. घरात कोणाच्या नावावर संत्र्याचं एक झाड नव्हतं, तरी संत्र्याच्या बहरासाठीही झालं. बाहेर कोणीतरी खोकलं.

तानुबाई उठल्या. कडी वाजली.

"या बाई. कितीक वेळ उभ्या राहान?"

"अवो, तुमची प्रार्थना..."

"चालूच हाये. बसा."

सतरंजीवर मोकळी जागा एकच होती, नीलमची. पार्बताबाई तिथं अंग चोरून बसल्या.

आता मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेषरावांनी प्रभूची प्रार्थना धरली. क्षमेची ओळ आली. तानुबाई नेहमीसारख्या गप्प झाल्या. शेषरावांचे ओठ उघडले, पण आवाज फुटेना. त्यांना स्वतःची लाज वाटली.

प्रार्थना संपली असं समजून पार्बताबाईंनी जमिनीवर डोकं टेकवलं.

"नाई बाई, अजून व्हायची हाये," तानुबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे पाहत राहिल्या.