कानाने लावलेलं इंजिन

गवत कापायच्या मशीनचं इंजिन कानसेन मिस्त्री कानानेच लावायचे. "मीटर कशाला हवं? देवाने दोन दिलेत की!" म्हणत कानाची पाळी ओढून दाखवायचे. हा तोरा तीस वर्षं खपलाही, खोटं कशाला बोला!

त्या सकाळी बाकावर एक इंजिन सुरू होतं. मिस्त्रींनी वेगाचा स्क्रू आवळला. मंदच वाटलं, म्हणून आणखी आवळला. जरा मनासारखं झालं, तोच मागच्या स्वयंपाकघरातून बायको कान दाबत धावत आली.

"अहो, बंद करा ते! किंचाळतंय नुसतं!"

"अगं, आत्ता कुठे तोंड उघडलंय त्याने!"

बायकोने कपाटातून वेग मोजायचं मीटर काढलं. दुकानदाराने फुकट दिलेलं, खोक्याबाहेर कधी न आलेलं. आकडा आला मिनिटाला चार हजार चारशे फेरे. इंजिनाची हद्द छत्तीसशे.

"मीटर बिघडलंय," मिस्त्री म्हणाले.

"बरं, मग माझ्या कानाने लावू." भिंतीपलीकडे तीस वर्षं हाच आवाज ऐकत तिने स्वयंपाक केला होता. मीटरकडे न बघता ती स्क्रू सैल करत गेली आणि एका जागी थांबली. "हं. पूर्वी तुम्ही असं लावायचात."

मीटरवर छत्तीसशेला वीस कमी होते. मिस्त्रींना मात्र ते इंजिन अगदी मरगळलेलं वाटत होतं. मेला कान गेला होता, आणि जाताना सांगूनही गेला नव्हता.

"अगं... पोरीचं मशीनही मीच लावलंय."

लेक शाळेच्या मैदानाचं गवत कापायची. इंजिन नवं कोरं. पहिले पाच तास अर्ध्याच वेगावर चालव, मग तेल बदल, असं त्यांनीच तिला दटावलं होतं. गुणाची पोर, तिने तस्संच केलं. पाच तास काल भरले, तेलही बदललं. "आता उद्या बिनधास्त पूर्ण वेग दे," हेही त्यांनीच सांगितलं होतं. भलत्या वेगात आतला दांडा तुटला, तर इंजिन फोडून बाहेर येतो. पातं सुटलं, तर विचारायलाच नको.

बायकोने फोन लावला. रिंग जात राहिली. चालू मशीनपुढे पोरीला ती ऐकू कशी जाणार?

मिस्त्री अनवाणीच पळत सुटले. रस्त्यात कुणीतरी हाक मारली, कुणीतरी हसलं. शाळेच्या भिंतीपाशी पोहोचेपर्यंत त्यांच्या छातीचा भाता झाला होता. त्यांनी श्वास रोखून कान दिला.

काहीच नाही. सगळं शांत.

"थांबली पोर माझी!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीला टेकून ते खाली बसले.

मग त्यांची नजर फाटकाकडे गेली. रखवालदार दोन्ही कानांत बोटं खुपसून, तोंड वेडंवाकडं करून मैदानाकडे बघत उभा होता.