गॉटलोप काका आणि नव्वद मोजे

मंगळवार, दिनांक ३ ऑक्टोबर १८७६, संध्याकाळचे सहा. लिंडाख गावच्या पाद्रीसदनातील लांब टेबलावर बारा लोकरी मोजे ओळीने मांडलेले होते आणि त्यांतले अकरा वाया गेले होते.

वाया म्हणजे फाटके किंवा सुटलेले नव्हेत. वीण उत्तम होती. परंतु टाच जिथे वळायला हवी, तिथे ती न वळता मोज्याची नळी बिनदिक्कत पुढे गेली होती. कुठे चार बोटे, कुठे सहा. विणकर मंडळाची प्रमुख, विधवा रोझिने ब्यूर्कले, आपली लाकडी मापपट्टी एकेका मोज्याला लावत होती आणि तिच्या कपाळावरची आठी दर मोज्यागणिक खोल होत होती.

"हा मोजा आहे की धुराड्याचं नळकांडं? बेर्बेले, हा तुझाच ना? बालगृहात पोरं राहतात गं बाई, करकोचे नाही!"

बेर्बेले ही गिरणीवाल्याची बायको. तिने हात झटकले. "मग काय करू, फ्राऊ ब्यूर्कले? तो फाइट पुरात लाकडाला लोंबकळत होता! अशा वेळी टाचेचे टाके मोजत बसू? माणूस आहे मी, दगड नाही."

"म्हणजे मी दगड?"

"तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून तुमचा मोजा बरोबर आला," बेर्बेले पुटपुटली. तेही रोझिनेला ऐकू आले नाही. तिचा उजवा कान पार बंद होता आणि शेगडीशेजारच्या तिच्या खुर्चीत तोच कान नेमका विणकामाच्या वेळी गोष्ट वाचून दाखवणाऱ्याकडे असे.

वाचणारी होती अविवाहित फ्रॉइलाइन थेक्ला वाइडनमायर. वय सेहेचाळीस, मुलांसाठी लिहिलेली पुस्तके चौदा. सकाळी ती लिहीत असे आणि दुपारनंतर गावाबाहेरच्या अनाथ बालगृहाच्या कामात बुडून जात असे. फाइट हा तराफेवाल्याचा मुलगा तिच्या पंधराव्या पुस्तकाचा नायक. मोज्यांची ती लांबलचक ओळ पाहून तिच्या मनात आधी उमटला तो आनंद. गोष्टीपायी अकरा बायका हातातले काम विसरल्या! त्यामागोमाग आली लाज. कारण बालगृहातली पंचेचाळीस मुले लाकडी बुटांत गवत कोंबून चर्चला येत होती आणि थेक्लाने पाद्रीसाहेबांकरवी सगळ्या गावासमोर वचन दिले होते: नाताळपूर्व पर्वाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे ३ डिसेंबरला, एकही मूल मोज्यांवाचून चर्चची पायरी चढणार नाही.

"पुढच्या मंगळवारपासून गोष्ट बंद," रोझिनेने निकाल दिला. "हे मोजे उसवा. लोकर धुऊन वाळत घाला."

पुढचा मंगळवार उजाडला. बारापैकी पाच जणी आल्या. उरलेल्या सात जणींना नेमका त्याच दुपारी कोबी आंबवायला घालायचा होता. पाच जणींनी चार तास मुकाट्याने विणले आणि पाच निर्दोष मोजे टेबलावर ठेवले. जांभया मात्र कोणी मोजल्या नाहीत.

त्या संध्याकाळी थेक्लाने पाटी घेतली. लागणारे मोजे नव्वद. झालेले सहा. उरलेले मंगळवार सात. एका बैठकीत एकीचा एक मोजा, याहून जास्त कोणाच्या हातून होत नव्हते. बाराही जणी सातही मंगळवारी आल्या आणि एकही मोजा बिघडला नाही, तर चौऱ्याऐंशी. सहा आणि चौऱ्याऐंशी, नव्वद. एकाही चुकीला जागा नव्हती. घरी विणायला लोकर द्यावी म्हटले, तर रोझिनेचा नियम आड येत होता: देणगीची लोकर पाद्रीसदनाबाहेर जाणार नाही. मागे एकदा दोन लडी बाहेर गेल्या होत्या आणि त्या थेट कुणाच्या तरी नवऱ्याच्या पायांत सापडल्या होत्या.

गोष्ट नसेल तर बायका नाहीत. गोष्ट असेल तर टाचा नाहीत.  थेक्लाने वडिलांचे खिशातले घड्याळ काढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ रोझिनेचे दार ठोठावले.

"फ्राऊ ब्यूर्कले, माझ्यासमोर एक मोजा विणा. तुमच्या घरच्या लोकरीचा."

"का? तुम्हाला विणता येत नाही होय?"

"येतं की. पण मला वेळ मोजायचाय!" थेक्ला तिच्या डाव्या कानाशी ओरडली.

मोजणी अशी निघाली: नळी एक तास चाळीस मिनिटे, टाच चाळीस मिनिटे, पाऊल एक तास वीस मिनिटे, बोटांकडचे टोक वीस मिनिटे. एकूण चार तास. मंद हाताच्या बाईला लहान माप आणि चपळ हाताच्या बाईला मोठे माप, ही रोझिनेची जुनी वाटणी असल्यामुळे सगळ्यांची टाच एकाच सुमारास येई. नळी आणि पाऊल म्हणजे नुसते गोल फेरे. ते झोपेतही विणता येतात. लक्ष लागते ते टाचेला.

घरी येऊन थेक्लाने पुढचे प्रकरण फाडले आणि मोज्याच्या मापाने नव्याने बेतले. दोन वाजल्यापासून तीन चाळीसपर्यंत पूर, दरड, लांडगे, काय हवे ते. तीन चाळीसला फाइटचे गॉटलोप काका दारातून आत येतील आणि चाळीस मिनिटे उपदेश करतील. त्यानंतर पुन्हा संकट. शेवटच्या वीस मिनिटांत प्रार्थना.

कंटाळवाणे लिहिणे सोपे असेल, हा तिचा समज होता. तो खोटा ठरला. पहिल्या खर्ड्यात काकांनी तरुणपणी पाहिलेल्या अस्वलाची आठवण काढली. ती खोडावी लागली. दुसऱ्यात ते हळूच विनोद करू लागले, तोही गेला. चौदा पुस्तके जीव ओतून रंजक केल्यावर पंधराव्यात स्वतःच्या हाताने पाणी घालताना तिला अगदी भरून आले. परंतु पंचेचाळीस जोडी पाय तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

गोष्ट पुन्हा सुरू होणार, ही बातमी बेर्बेलेने गिरणीतून गावभर पोचवली. १७ तारखेला बाराही जणी हजर होत्या. कोबी एका रात्रीत आंबवून झाला होता. तीन चाळीसला काकांनी दार लोटले आणि म्हणाले, "बाळ फाइट, संयमाविषयी तुला सात गोष्टी सांगायच्या आहेत."

"आला मेला काका," बेर्बेले उसासली आणि तिची नजर सुयांवर गेली. तशा अकराही नजरा सुयांवर गेल्या. संध्याकाळी सहाला रोझिनेने पट्टी लावली. बारापैकी बारा.

त्यानंतर हा रिवाजच पडला. काका आले की कोणीतरी म्हणे, "चला गं, टाच घ्या," आणि खोलीत नुसती सुयांची टिकटिक राहत असे. नोव्हेंबरात एकदा पाद्रीसाहेब नेमके काकांच्या वेळी आत आले. बायकांच्या खाली घातलेल्या माना पाहून ते गहिवरले. "फ्रॉइलाइन, या पुस्तकाचा प्राण म्हणजे हे काका. पाहा, कशा अंतर्मुख झाल्या आहेत सगळ्या!"

"टाके मोजताहेत," असे थेक्लाच्या ओठांवर आले होते. तिने आभार मानले.

२८ नोव्हेंबर, शेवटचा मंगळवार. झालेले मोजे अठ्ठ्याहत्तर, उरलेले बारा. त्या दुपारी रोझिनेने आपली खुर्ची उचलली आणि थेट थेक्लासमोर, डावा कान पुढे करून मांडली.

"शेगडीचा धूर येतोय," ती म्हणाली. धूर कोणालाच दिसला नाही.

फाइट बर्फ फुटलेल्या नदीत तराफा वल्हवत निघाला. रोझिनेच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तीन चाळीसला काका आले आणि कृतज्ञतेवर बोलू लागले. अकरा माना खाली गेल्या. बारावी मात्र वर राहिली.

सहा वाजता पट्टी फिरली. बेर्बेलेचा बरोबर, शेजारणीचा बरोबर, अकरा मोजे बरोबर. बाराव्याला पट्टी लावली आणि रोझिनेने ती पुन्हा एकदा लावली. चार बोटे लांब.

"अगंबाई!" बेर्बेलेने तोंडावर हात घेतला. "फ्राऊ ब्यूर्कले, तुम्ही? बर्फात घाबरलात का हो?"

"बर्फ कसला डोंबलाचा! पुस्तकातली पाण्यात पडलेली पोरं शेवटी जगतातच." रोझिने मोज्याकडे बघत होती. "तो काका... अगदी माझ्या नवऱ्यासारखा, याकोबसारखा बोलतो. तोही असाच. सूपाचा वाडगा निवून जायचा, पण ह्याचं संपायचं नाही. अकरा वर्षं झाली त्याला जाऊन. म्हटलं, बोलू दे." मग तिचा आवाज पूर्वीसारखा झाला. "उसवते आत्ता. घरी नेऊन रातोरात विणून देते."

"लोकर सदनाबाहेर जात नाही!" बेर्बेले आनंदाने किंचाळली. "तुमचाच नियम!"

हशा इतका मोठा झाला की यावेळी तो रोझिनेच्या उजव्या कानापर्यंतही पोचला असावा. ती स्वतःही हसली. थेक्लाने मोजा तिच्या हातून अलगद काढून घेतला. चौदा पुस्तकांत तिला इतकी मन लावून ऐकणारी वाचक भेटली नव्हती, आणि तीही काकांसाठी.

"हा उसवायचा नाही," ती त्या डाव्या कानापाशी म्हणाली. "बालगृहातली लांब पायांची ती लिना आहे ना, तिला देऊ. गुडघ्याशी दुमडेल. आणि काकांचा एक शब्दही मी आता पुस्तक छापताना कापणार नाही."

"कापून तर बघा," रोझिने म्हणाली.

रविवार, ३ डिसेंबर, सकाळचे साडेनऊ. चर्चच्या पायरीवर मुले पंचेचाळीस, मोजे नव्वद: एकोणनव्वद मापात, एक चार बोटे लांब.