मोठ्यांसाठी

मी बोलतोय. अहो, दाराकडे काय बघताय? इकडे, मधल्या टेबलावर. या शाळेच्या पडद्याच्या खोलीतला प्रोजेक्टर. आजवर दुसऱ्यांचंच दाखवत आलो, आज स्वतःचं सांगतो. पोटात ठेवून ठेवून माझा पंखा घरघरायला लागलाय.

जन्म कारखान्यातला. पट्ट्यावरून सरकत आलो, कुणी भिंग बसवलं, कुणी दिवा. शेवटी एका बाईंनी बटण दाबलं, समोरच्या भिंतीवर पांढरा चौकोन पडला. "चालतोय," त्या म्हणाल्या आणि पुढच्याकडे वळल्या. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

पहिली सहा वर्षं एका कचेरीत गेली. रोज तेच चढते-उतरते तक्ते आणि समोर जांभया देणारी माणसं. मग एक सडपातळ नवा प्रोजेक्टर आला आणि मला खोक्यात घालून या शाळेला देऊन टाकलं. येताना माझ्या भिंगावरचं झाकण हरवलं. म्हटलं, जाऊ दे, डोळा उघडा राहिला तर बिघडलं कुठे?

शाळेत मात्र माझं सोनं झालं. मी ज्वालामुखी दाखवले, कोषातून बाहेर पडणारं फुलपाखरू दाखवलं, धडधडणारं हृदय दाखवलं. तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका पोराने घाबरून स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघितला होता. असं काही झालं की मला माझ्या दिव्याचा जरा गर्वच व्हायचा.

सहावीच्या वर्गात दिवे बंद करायचं काम एका मुलीकडे होतं. सगळे तिला बटणवाली म्हणायचे. टप्, टप्, टप्, तीन बटणं दाबायची आणि अंधारात बाकांना ठेचकाळत जागेवर जायची. जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारायची. "चल रे म्हाताऱ्या!" माझा जीव होता त्या पोरीवर.

तिचे वडील दोन वर्षांपूर्वी कारखान्यातल्या आगीत गेले. एकदा मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीला सांगत होती, "बाबांना काहीसुद्धा कळलं नाही. जेवण झाल्यावर डुलकी लागली होती ना, झोपेतच गेले. आईने सांगितलंय." पाढा म्हणावा तशी म्हणाली ती. पाठ झालेलं होतं, आणि त्या पाठ केलेल्यावरच ती रोज रात्री शांत झोपत असणार.

आमच्या शाळेचा एक शिरस्ता होता. सिनेमा दाखवायचा असला की आठवडाभर आधी घरी चिठ्ठी जायची. सिनेमात काय आहे ते चार ओळींत, खाली 'हो' आणि 'नाही'. पालकांनी एकावर गोल करायचा आणि सही. शिपाईकाका चिठ्ठ्या गोळा करायचे, मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना दाखवायचे आणि मग गठ्ठा करून माझ्या पुढच्या पायाखाली सरकवायचे. माझा तो पाय जरा आखूड आहे. चिठ्ठ्या खाली असल्या की चित्र पडद्यावर सरळ पडायचं.

आता त्या दिवसाचं सांगतो.

विज्ञानाच्या बाई आजारी होत्या. सहावीचे दोन तास मोकळे, आणि वर्गावर आले धांदल सर. नाव मुलांनी ठेवलेलं, आणि अगदी बरोबर ठेवलेलं. माणूस वाईट नाही हो, पण सदा घोड्यावर स्वार. हातात वह्यांचा ढीग, संध्याकाळपर्यंत तपासून द्यायचा. ते ग्रंथालयात गेले, कपाटातली एक डिस्क उचलली आणि आले.

"सर, चिठ्ठ्या?" शिपाईकाकांनी विचारलं.

"अहो काका, शाळेच्याच कपाटातली डिस्क आहे. त्यावर लिहिलंयसुद्धा, मोठ्यांसाठी. दोन तासांच्या कामाला आता घरोघर चिठ्ठ्या वाटत बसू?"

आता बघा गंमत. गंमत कसली, कर्म माझं! आमच्या शाळेत चौथीपर्यंतचे ते 'छोटे' आणि पाचवीपासून पुढचे ते 'मोठे'. छोट्यांचा फळा वेगळा, मोठ्यांचं मैदान वेगळं. सहावी म्हणजे मोठेच की! काका मान हलवत निघून गेले.

बटणवालीने तीन बटणं दाबली. माझ्या पाठीवर थाप पडली. सरांनी शेवटच्या बाकावर पडद्याकडे पाठ केली, खिडकीच्या फटीतल्या उजेडात वही उघडली आणि लाल पेन काढलं.

सुरुवातीला एक कारखाना दिसला. माणसं डबे उघडत होती, चेष्टामस्करी करत होती. मुलंही हसली. मग धूर आला. मग दार. दाराला बाहेरून कुलूप होतं.

काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं दिवा जाळतोय, पण असलं काही माझ्यातून कधी गेलं नव्हतं. ती माणसं दारावर हात आपटत होती. ओरडत होती. सिनेमा घाईत नव्हता, त्याला सगळं नीट दाखवायचं होतं. ज्यांनी तो केला त्यांनी मनापासून केला असेल, जाणत्या माणसांची झोप उडावी म्हणून. पण माझ्यासमोर अकरा वर्षांची मुलं होती. कुणी कान झाकले, कुणी शेजारच्याची बाही धरली. एकजण उगाचच मोठ्याने हसला आणि मग रडायला लागला. आणि मला डोळा मिटता येईना. झाकण हरवलेलं ना!

तेवढ्यात बटणवाली उठली. सरळ माझ्यासमोर आली आणि तिने आपला तळहात माझ्या भिंगावर दाबून धरला.

पडदा काळा झाला. आवाज मात्र चालूच राहिला. तिचा हात बर्फासारखा गार होता. मी तापलेला असतो, तिला चटका बसत असणार, पण तिने हात काढला नाही.

"कोण आहे ते?" खोलीतला उजेड गेला तसं सरांनी मागे न बघताच विचारलं. "जागेवर बस. दुसऱ्यांना बघू दे."

ती लहानपणापासून ऐकणारी मुलगी. तिने हात काढला. जागेवर जाऊन बसली आणि उरलेलं सगळं बघितलं. शप्पथ सांगतो, त्या वेळी माझा दिवा फुटला असता तर बरं झालं असतं. नेमका तेव्हाच बरा चालला मेला!

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. मोठ्या बाई, ग्रंथपाल बाई, धांदल सर, सगळे खोलीत जमले. डिस्क अजून आतच होती, तिचं पाकीट सरांच्या हातात होतं.

"यावर स्पष्ट लिहिलंय," सर म्हणाले, "मोठ्यांसाठी."

ग्रंथपाल बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो सर, मोठ्यांसाठी म्हणजे मोठ्या माणसांसाठी! पालकसभेत दाखवायला आणली होती मी ती."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "मला वाटलं..."

मोठ्या बाईंनी माझ्या पायाखालचा गठ्ठा काढला. सगळ्या चिठ्ठ्या जुन्या, कोषातल्या फुलपाखराच्या. म्हणजे काल मी आग दाखवत होतो ती फुलपाखराच्या परवानगीवर उभा राहून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईने त्यातली आपली चिठ्ठी ओळखली. "हो म्हटलं होतं मी याला," ती म्हणाली. "कालची चिठ्ठी आली असती तर 'नाही'वर गोल केला असता. मला एवढंच करायचं होतं हो, एक गोल. तो कसा काढू मी आता? रात्रभर पोरगी एकच विचारतेय. बाबा ओरडले होते का, म्हणून."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "मग सांग ना."

बटणवाली चौकट धरून उभी होती. "तू म्हणालीस झोपेत गेले. खरं सांग."

आई बाकावर बसली. "मला माहीत नाही गं, राणी. मी कुठे होते तिथे? झोपेत गेले असं त्यांच्या साहेबांनी सांगितलं. मला ते खरं मानावंसं वाटलं, म्हणून मानलं. तू मोठी झालीस की सांगणार होते, की आपल्याला नक्की माहीत नाही."

पोरगी हळूहळू आली आणि आईच्या मांडीत तोंड खुपसून रडली. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. थोड्या वेळाने ते खाली बसले आणि तिला म्हणाले, "काल तू भिंगावर हात ठेवलास तेव्हा मी मागे वळून बघायला हवं होतं. चुकलो मी, बाळा." तिने वर बघितलं नाही.

नंतर तीन आठवडे ती या खोलीत आली नाही. दिवे शिपाईकाका बंद करायचे. त्यांनी मला औषधाच्या बाटलीचं झाकण कापडात शिवून बसवलंय. जरा सैल आहे, पण आहे.

माझा दिवा आता पिवळा पडलाय, फार दिवस उरले नाहीत. जाण्याआधी एक मागणं आहे. दाखवा बाबांनो, जगात आहे ते सगळं दाखवा. पण कुणाच्या घरात कुठली गोष्ट कशी झाकून ठेवलीय, ते घरच्यांनाच ठाऊक असतं. त्यांना आधी विचारा.

काल ती आली. समुद्रातल्या माशांचा सिनेमा होता, माझ्या पायाखाली नव्या चिठ्ठ्या होत्या. ती बटणांपाशी गेली, हात वर केला आणि थांबली. वर्गाकडे वळून म्हणाली, "बंद करू का? कुणाला नको असेल तर सांगा."

मग मधल्या बाकावरून एक बारीक आवाज आला, "थोडं थांब ना."

ती थांबली. मागे उभ्या धांदल सरांच्या हातात वह्या नव्हत्या. तेही थांबले.