खांद्यावरचा पक्षी

चित्रसंग्रहालयाच्या दारातलं यंत्र तिसऱ्यांदा कोकललं, तेव्हा थोरलीला शालीवरच्या ब्रोचला हात घालावाच लागला. घड्याळ काढून झालं होतं, किल्ल्या काढून झाल्या होत्या, चष्म्याची साखळीसुद्धा ट्रेमध्ये जाऊन पडली होती. मागे रांग वाढत होती आणि रांगेतल्या एका बाळाने यंत्राच्या सुरात सूर मिसळला होता.

"मावशी, तो खांद्यावरचाच ओरडतोय," पहाऱ्यावरचा माणूस म्हणाला. "काढून ठेवा. पलीकडे लगेच परत मिळेल."

"मी तो सहसा काढत नाही."

"मग चित्रंही सहसा बघता येत नाहीत," तो हसून म्हणाला.

धाकटी केव्हाच यंत्रातून पलीकडे पोहोचली होती. तिने तिथूनच हात पुढे केला. "दे इकडे, ताई. मी धरते."

थोरलीने सुई सोडवली. पुढे आलेल्या त्या हाताकडे पाहिलं. नखांना गडद लाल रंग, तीन बोटांत तीन अंगठ्या. मग तिने ब्रोच रुमालात गुंडाळला आणि ट्रेमध्ये ठेवला.

"ट्रेमध्येच ठेवा म्हणतायत ना ते."

धाकटीने रिकामा हात मागे घेतला आणि टोपी नीट करायला लावला. टोपी मुळात नीटच होती.

त्या ब्रोचसाठीच तर दोघी एवढ्या लांब आल्या होत्या. मोठ्या बटणाएवढी तांब्याची चकती, तिच्यावर निळा मीना आणि मधोमध एक पांढरा पक्षी. बाबांनी तो आईसाठी केला होता. बाबा खोट्या दागिन्यांच्या दुरुस्तीचं दुकान चालवायचे. खरा दागिना मोडला तर लोक सोनाराकडे जातात, खोटा मोडला तर नुसतं हळहळतात, आणि अशा हळहळणाऱ्यांसाठी बाबांचं टेबल होतं. आता ते टेबल थोरली सांभाळत होती. एकुलतं उरलेलं कानातलं घेऊन कुणी आलं की डब्यातून त्याचा जोडीदार हुडकून द्यायचा, नाहीच सापडला तर घडवून द्यायचा. बाई आरशात मान डावी-उजवी करून बघायची, तेव्हा थोरलीचा दिवस सार्थकी लागायचा.

दुकानाच्या भिंतीवर पूर्वी कॅलेंडरातलं एक चित्र होतं. खिडकीशी बसलेली बाई, तिची निळी शाल आणि डाव्या खांद्यावर पक्ष्याचा ब्रोच. त्यावरूनच बाबांनी हा ब्रोच केला, आणि हुबेहूब केला, अशी घरात ख्याती. बाबांचा हात म्हणजे छापखाना, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आईने तो ब्रोच भाजी आणायला जातानासुद्धा लावला. "हा मेला सारखा माझ्या तोंडाकडे बघत असतो," ती म्हणायची, "खोटं बोलायची सोय ठेवली नाही." चित्र मात्र ब्रोच झाल्यावर भिंतीवरून उतरलं. ऊन लागून रंग उडतोय, असं बाबांचं म्हणणं. परक्या बाईकडे दिवसभर बघणं आईनेच बंद केलं, असं बाकी सगळ्यांचं.

आई गेली त्याच आठवड्यात धाकटी धावत घरी आली, तेव्हा ब्रोच थोरलीच्या शालीवर होता. धाकटी काही बोलली नाही. मग ते न बोलणंच दोन वर्षं चाललं. फोन व्हायचे, तब्येतीची चौकशी व्हायची, पण ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, यात दोघी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. शेवटी भांडं धाकटीनेच बाहेर काढलं. तिला दरवर्षी कुठेतरी चित्रं बघायला जायचा नाद. प्रत्येक प्रवासातून एक चित्र डोक्यात आणि एक वस्तू अंगावर घेऊन परत यायची. कुठल्याशा पिवळ्या शेताच्या चित्रावरून स्कार्फ, कुठल्या नर्तकीवरून बूट. असंच धुंडाळताना तिला, घरातल्या वर्णनावरून, ती खिडकीतली बाई सापडली. मोबाइलवरचा फोटो नखाएवढा आणि काळपट होता, पण बाई तीच असणार.

"आपण दोघी जाऊ," तिने फोनवर सांगितलं. "तिच्यासमोर उभ्या राहू, आणि ब्रोच कुणाकडे राहायचा ते तिथेच ठरवू. मीसुद्धा त्यांचीच मुलगी आहे, ताई."

थोरली जाऊ म्हणाली. द्यायचा नाही, हे तिने घरून निघतानाच ठरवलं होतं. पस्तीस वर्षं बाबांच्या टेबलावर कोण बसलं? आईची औषधं कुणी सांभाळली? धाकटी विसाव्या वर्षी घर सोडून गेली आणि मग नाताळाच्या आजोबासारखी पिशव्या घेऊन उगवायची. पण हे सगळं बोलायची वेळ आली की थोरलीच्या तोंडाला कुलूप लागायचं, हीच तर पंचाईत.

तशी आजची सकाळ छान गेली होती. हॉटेलच्या खोलीत आरसा एकच. धाकटीने तीन टोप्या आणल्या होत्या आणि तिन्ही आळीपाळीने घालून ती ताईकडे वळून बघत होती.

"ही?"

"हिच्यात तू दिव्यासारखी दिसतेस. झाकणाखालच्या."

"आणि ही?"

"ही घाल. गाल दिसतात."

धाकटी लहान मुलीसारखी खूश झाली. लांब लाकडी पिन टोपीतून केसांत खोचून घेतली. मग तिने ताईच्या शालीची घडी एका बाजूने जरा सैल सोडली, दुसऱ्या बाजूने वर ओढली, आणि दहा वर्षांची शाल दहा वर्षांनी तरुण झाली. ब्रोच लावायच्या वेळी मात्र ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

यंत्रापलीकडे थोरलीने ब्रोच पुन्हा शालीवर लावला. चित्र शेवटच्या आधीच्या दालनात होतं. धाकटी वाटेत थांबत, मागे-पुढे होत, डोळे बारीक करत चालली होती. थोरली सरळ चालली. आणि मग ती बाई एकदम समोरच आली.

"तीच!" थोरलीचा आवाज एवढा मोठा निघाला की बाकावरचा एक म्हातारा दचकून जागा झाला. "छोटे, तीच गं! बघ, खिडकी डाव्या हाताला. हिच्या खाली बाबांचे चिमटे लटकवलेले असायचे."

तिचे डोळे भरून आले. अकराव्या वर्षापर्यंत रोज पाहिलेली बाई सत्तेचाळीस वर्षांनी भेटली होती, आणि तिचं वय एका दिवसानेही वाढलं नव्हतं. धाकटीने ताईचा दंड धरला. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

धाकटी मग चष्मा लावून वाकली. चित्राकडे बघितलं. वळून ताईच्या खांद्याकडे बघितलं. परत चित्राकडे.

"ताई, जरा इथे शेजारी उभी राहा बरं."

"का?"

"राहा तर खरी. हातच्या काकणाला आरसा कशाला."

थोरली उभी राहिली. धाकटी दोन पावलं मागे गेली आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"तिचा पक्षी बाहेर बघतोय. उडून चाललाय. आपला आत बघतोय, तुझ्या तोंडाकडे."

थोरलीने मान वळवली. खरंच होतं. चित्रातल्या बाईच्या खांद्यावरचा पक्षी तिच्याकडे पाठ करून, चोच बाहेर काढून बसला होता. बाकी पंख, शेपूट, मानेचा बाक, सगळं रेघेला रेघ जुळत होतं. फक्त उलटं.

"कॅलेंडरातच उलटं छापलं असेल," धाकटी म्हणाली.

"नाही. खिडकी याच बाजूला होती."

"मग बाबा चुकले!" धाकटीने तोंडावर हात धरला, पण हसू बोटांमधून बाहेर येतच होतं. "अगं, बाबा चुकले! छापखाना चुकला! खरं सांगू, बरं वाटलं बघून. मला जन्मभर वाटायचं, या घरात चुकणारी मी एकटीच."

तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, उलट तिचा चेहरा उजळला होता. पण थोरलीला ते शब्द सुईसारखे लागले. बाबा आणि चूक? ज्या माणसाने खोट्या मोत्याला पाडलेलं भोकसुद्धा मापाबाहेर जाऊ दिलं नाही, तो माणूस अख्खा पक्षी उलटा कोरेल?

ती बाकावर म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसली आणि मांडीवर हात ठेवून त्या हातांकडे बघत राहिली. आणि हातांनाच आधी आठवलं.

चकतीवर चित्र उतरवायचं काम त्या दिवशी तिच्याकडे होतं. अकरा वर्षांची होती ती, आणि पहिल्यांदाच बाबांनी तिला असलं काम दिलं होतं. पातळ कागद चित्रावर ठेवून पेन्सिलीने पक्षी काढून घ्यायचा. मग कागद पालटून त्याच रेघा मागच्या बाजूने पुन्हा गिरवायच्या. मग पांढरा रंग दिलेल्या चकतीवर कागद सरळ ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचा, की मागच्या रेघांचं शिसं खाली उतरतं आणि चित्र जसंच्या तसं उमटतं. मागून गिरवणं हे त्यातलं सर्वांत कंटाळवाणं काम. बाहेर मैत्रिणी दोरी घेऊन थांबल्या होत्या, एकेकीच्या उड्या मोजल्याचे आवाज आत येत होते. तिने कागद नुसता पालथा घातला आणि घासला. उमटला की पक्षी!

"इतक्या लवकर?" बाबांनी विचारलं होतं.

"झालं," असं म्हणून ती पळाली होती.

चमच्याखालच्या कागदाची वरची बाजू कोरी होती. ती कोरी बाजू तिला आता लख्ख दिसली. पुढे तिने हे काम शेकडो वेळा केलं. कागद पालथा ठेवला की काय होतं, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. फक्त त्या दुपारकडे वळून बघायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

चार दिवसांनी ब्रोच भट्टीतून निघाला. बाबा तो तळहातावर घेऊन बराच वेळ बसले. एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. ती टेबलाला हनुवटी टेकून उभी होती, जमला का हे ऐकायला. "जमला," बाबा म्हणाले. "तुझ्या हाताला गुण आहे." दुसऱ्या दिवशी भिंतीवर नुसता खिळा होता.

त्या भिंतीवर बाराही महिने ऊन येत नसे.

आणि मग जन्मभर, प्रत्येक कामाला, त्यांचा तो एकच प्रश्न. "मागून गिरवलंस ना?" चाळिशी उलटल्यावरसुद्धा. ती किती चिडायची! आपल्यावर यांचा भरवसाच नाही, असं वाटून एकदा तर दोन दिवस अबोला धरला होता. तेव्हाही त्यांनी कारण सांगितलं नाही. परक्या बाईकडे बघण्यावरून झालेली चेष्टा हसत ऐकून घेतली, पण सांगितलं नाही.

थोरलीने डोळे पुसले. आता सांगायला हवं होतं. बाबांच्या माथी ही चूक कशी ठेवायची? पण सांगितलं की काय होईल, तेही तिला कळत होतं. धाकटी मनाची मोठी होती, टोप्यांइतकीच. मग हा तुझाच, ताई, असं ती लगेच म्हणेल आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. घरून निघताना थोरलीला जे हवं होतं, ते आयतं हातात पडेल. तोंडातून फक्त एक वाक्य निघायचा अवकाश.

ती उठली. चित्रासमोर उभ्या असलेल्या धाकटीपाशी गेली. शालीवरची सुई सोडवली.

"सरळ उभी राहा. खांदा पाडू नकोस."

"अगं, काय करतेस? मी असं कुठे म्हटलं?"

"दोन वर्षं दुसरं काय म्हणतेयस?"

तिने धाकटीच्या कोटाच्या डाव्या बाजूला जागा बघितली. एक बोट वर, अर्धं बोट आत. सुई कापडातून घेतली, अडकवली, अंगठ्याने दाबली. धाकटीचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता.

"सुई जरा सैल आहे. सकाळ-संध्याकाळ दाबून बघायची. सेंट मारायचं ते आधी, मीन्यावर उडता कामा नये."

"ताई..."

"आणि आता ऐक. चूक बाबांची नव्हती."

मग तिने कागदाचं सांगितलं, चमच्याचं सांगितलं, दोरीवरच्या उड्यांचं सांगितलं. भिंतीवरच्या खिळ्याचं सांगताना तिला मध्ये थांबावं लागलं. धाकटी आधी हसली, मग तिचं हसू विरघळलं आणि तिचा हात झटक्यात खांद्याकडे गेला.

"म्हणजे हा तू केलेला. मग हा तुझाच, मला कशाला..."

थोरलीने तो हात वरच्या वर धरला, तिन्ही अंगठ्यांसकट. "माहीत होतं. म्हणून तर आधी लावला आणि मग सांगितलं."

धाकटी हनुवटी छातीला टेकवून, डोळे फिरवून खांद्यावरचा पक्षी बघायची धडपड करत राहिली.

"मला दिसतच नाहीये गं तो."

"नसू दे," थोरली म्हणाली. "त्याला तू दिसतेस."

म्हाताऱ्याने बाकावर कूस बदलली. बिनब्रोचची शाल थोरलीच्या खांद्यावरून घसरायला लागली, तशी धाकटीने टोपीतली लांब पिन उपसली आणि शाल घट्ट टाचून दिली.

"अगं, टोपीचं काय?"

"धरीन हाताने."

आणि शेवटच्या दालनातली सगळी चित्रं धाकटीने एका हाताने टोपी धरून पाहिली. दुसरा हात ताईच्या दंडावर होता.