खोड्यांची रात्र

सकाळी उठल्या उठल्या एनिड हॉलरॉइडने रात्री पोरांनी खिडकीवर फेकलेली अंडी खरवडायला घेतली. अंडं काचेवर वाळलं की गरम पाणी चालत नाही, ते शिजतं आणि जास्तच चिकटतं. गार पाणी, जुनं पातं आणि सवड लागते. वर्षभरात ही विद्या तिला चांगली अवगत झाली होती.

"आज किती गं?" आतून तिच्या नवऱ्याने, विल्फने विचारलं.

"तीन."

"मागच्या खेपेपेक्षा कमी. अंडी महागली वाटतं!"

एनिडला हसू आलं नाही. समोरच्या बेरिल सगडेनच्या घराचा पडदा हलला आणि परत जागेवर आला. शेजारी, पलीकडे, कोपऱ्यावर, सगळीकडे पडदे असेच हलायचे. गल्लीत माणसं होती, डोळे होते, पण या म्हातारीच्या हातातलं फडकं घ्यायला एकही जण उंबरा ओलांडत नव्हता.

इंग्लंडमधल्या लीड्सची लिनेट स्ट्रीट ही गिरण्यांच्या काळातली गल्ली. घरं पाठीला पाठ लावून बांधलेली, त्यामुळे मागचं दार नाही की परस नाही. आत यायला आणि बाहेर पडायला रस्त्यावरचं एकच दार. विल्फ याच गल्लीत जन्मला, तीस वर्षं शहराची बस चालवली आणि छाती खराब करून घेऊन घरी बसला. खिशात दम्याचा पंप असल्याशिवाय तो कोपऱ्यापर्यंतसुद्धा जात नसे. एनिड कोटांच्या कारखान्यात कापड कापणारी होती. तिची मोठी कात्री अजून ड्रॉवरमध्ये धार लावून ठेवलेली असायची.

पोरांचा त्रास सुरू झाला तो कुंड्या फोडण्यापासून. मग दारातल्या टपालाच्या फटीतून चिखल आला. मग विल्फची टोपी पळवून ती दिव्याच्या खांबावर टांगली. पोलीस यायचे, मान हलवायचे, जायचे. शेजारचे ॲक्रॉइड वैतागून उन्हाळ्यात कॅनडाला निघून गेले, तेव्हापासून ते घर रिकामं पडलं होतं. आणि दर रविवारी न्यूझीलंडहून जॅनिसचा, त्यांच्या मुलीचा, फोन यायचा. "आई, तुमची खोली तयार आहे. कागदपत्रं झालीत. आता आणखी कशाची वाट बघताय?"

वाट विल्फची होती.

"अंडी फेकली म्हणून देश सोडायचा?" न्याहारीला तो म्हणाला. "लढाईत बॉम्ब पडत होते तेव्हा माझी आई या घरातून हलली नव्हती."

"बॉम्ब टाकणारे शत्रू होते, विल्फ. हा आपल्या बेरिलचा नातू आणि त्याचे दोस्त आहेत."

"म्हणून तर सांगतोय! पोरं आहेत. आणि तिथे काय, सगळे देवदूत राहतात?"

"तिथेही असतील गुंड. मला ठाऊक आहे." एनिडने कप खाली ठेवला. "अंड्यांचं काही नाही रे. अंडी धुता येतात. पण मी धूत असते तेव्हा ते पडदे हलतात ना, ते मला सोसत नाही. चाळीस वर्षं यांच्या बाळंतपणांना धावले, यांच्या पोरींच्या लग्नांचे झगे शिवले. एकानेही विचारू नये, एनिड, तू कशी आहेस? मग हा माझा देश कसला? इथे परकीच आहे, तर तिथे जाऊन परकी होईन. निदान लेक तरी जवळ असेल."

विल्फ बराच वेळ पावाला लोणी लावत बसला. या बाईने इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, हे त्याला कळत होतं.

"आज चार नोव्हेंबर," तो म्हणाला. "खोड्यांची रात्र. ती जाऊ दे. आज काही वाईट घडलं, तर उद्या मी स्वतः जॅनिसला फोन करतो. आणि नाही घडलं, तर तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. कबूल?"

"कबूल," एनिड म्हणाली. वाईट काहीतरी घडावं असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

खोड्यांची रात्र ही यॉर्कशायरची जुनी रीत. पाच नोव्हेंबरला इंग्लंडभर होळ्या पेटवतात, फटाके उडवतात; त्याच्या आदल्या संध्याकाळी पोरांना सगळं माफ. दाराच्या मुठीला काकवी फासायची, फाटक उचलून दुसऱ्याच्या अंगणात ठेवायचं, कडी वाजवून पळायचं. शिमग्यात चालतं तसं त्या दिवशी सगळं चालतं. मोठ्यांनी रागवायचं नाही आणि दार तर मुळीच उघडायचं नाही, कारण उघडणारा फसतो. आजोबांनी केलं, बापाने केलं, म्हणून पोरं करतात, आणि पोरं काय काय करतात हे कुणी बघत नाही. रीत म्हटली की आपण सगळेच डोळ्यांवर कातडं ओढून घेतो, मग ती रीत कुठल्याही मुलखातली असो.

दुपारी विल्फ बाहेर कठड्यावर बसला होता. बेरिलचा नातू कॉनर आणि त्याचे दोन दोस्त समोर सायकली आडव्या टाकून उभे राहिले.

"काय आजोबा, आज घाबरून लपणार ना?"

"मी? अरे, तुम्हाला खोड्या येतात कुठे! अंडी काय, कुणीही फेकेल," विल्फ म्हणाला. "आम्ही दारं बांधायचो. दोन शेजाऱ्यांच्या मुठी एका दोरीने घट्ट बांधायच्या आणि दोन्ही दारं ठोकायची. हा आत ओढतो, तो आत ओढतो, आणि दोघंही एकमेकांना शिव्या घालतायत! म्हातारा ग्रिमशॉ तर रडायला आला होता."

पोरं खदाखदा हसली. कॉनर त्याच्याजवळ येऊन बसला. "आणि मग? कुणी सोडवलं?"

"सकाळी दूधवाल्याने!"

त्या दिवशी पहिल्यांदा पोरं विल्फला हसली नाहीत, विल्फबरोबर हसली. घरात आला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. "बघ, मी म्हणत नव्हतो? पोरं वाईट नाहीत गं. त्यांच्याशी कुणी बोलत नाही, एवढंच."  एनिड आलं आणि काकवी घालून पार्किन नावाचा केक भाजत होती. एके काळी याच दिवशी गल्लीतली पोरं तिच्या पार्किनसाठी रांग लावायची.

पाच वाजता अंधार पडला. गल्लीतले पडदे मिटले, निम्म्या घरांनी दिवेसुद्धा मालवले. सहाच्या सुमाराला दारावर धाडधाड थापा पडल्या.

"उघडू नकोस," एनिड म्हणाली.

"अगं, पार्किनसाठी आले असतील. दुपारी बोललो ना त्यांच्याशी." विल्फ उठला, मूठ फिरवून दार ओढलं. दार हललं नाही. पुन्हा ओढलं. आणि तो खळखळून हसला. "बांधलं! एनिड, पोरांनी खरंच बांधलं! ॲक्रॉइडच्या मुठीला बांधलं असणार. शाबास रे गुलामांनो!"

त्याचं हसू ओठांवर होतं तोच टपालाची फट उघडली आणि फुसफुसणारा एक फटाका आत पडला.

तो फुटला तसं पायपुसणं पेटलं, आणि वर खुंटीवर टांगलेले दोन्ही कोट पेटले. एनिडने भांडी घासायचं घमेलं पाण्यासकट उचलून ओतलं. आग विझली. पण कोटांच्या नायलॉनचा काळा, कडू धूर त्या एवढ्याशा खोलीत कोंडला, आणि विल्फ खोकत खोकत भिंतीला धरून खाली बसला.

"पंप," तो म्हणाला.

पंप कोटाच्या खिशात होता. खिसा वितळून गोळा झाला होता.

एनिडने फोन करून रुग्णवाहिका मागवली. ओल्या फडक्याने विल्फचं तोंड झाकलं. खिडकीला पोरांच्या दगडांमुळे न फुटणारी काच बसवून घेतलेली आणि चौकट वर्षानुवर्षं रंग फासून गच्च झालेली, तिची फक्त वरची चार बोटांची फट उघडायची. ती स्टुलावर चढली आणि त्या फटीतून ओरडली, "बेरिल! अगं बेरिल! दोरी काप! विल्फला श्वास येत नाहीये!"

समोरचा पडदा वीतभर सरकला. बेरिलचा चेहरा दिसला, अगदी स्वच्छ दिसला. मग पडदा मिटला.

एनिडने ड्रॉवरमधून कात्री काढली आणि दारापाशी गुडघे टेकले. टपालाच्या फटीतून तिला दोरी दिसत होती, निळी, नवी कोरी. हजारो कोटांचं कापड सरळ कापत आलेला हात तिने त्या फटीत घातला. तो मनगटापर्यंत गेला आणि अडकला; कात्री दोरीला पोचेना. पत्र्याने कातडी सोलून निघाली तरी ती ढकलत राहिली. मागे विल्फच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. शिट्टी बारीक होत गेली.

"एनिड," तो म्हणाला, "राहू दे. इकडे ये."

ती गेली. त्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं. "जॅनिसला... मी करतो फोन," तो म्हणाला. कबूल केलेलं तो विसरला नव्हता. रुग्णवाहिकेच्या माणसांनी बाहेरून दोरी कापली तेव्हा तो गेलेला होता.

पोलिसांनी घरोघर विचारलं. कुणी काही पाहिलं नव्हतं. ऐकलं मात्र सगळ्यांनी होतं. "पण खोड्यांची रात्र होती ना साहेब. दर वर्षी कुणीतरी ओरडतंच. आम्हाला वाटलं, पोरांचा खेळ." आठवड्याभरात कॉनरला त्याच्या आईकडे, हल शहरात पाठवून दिलं. शाळा बदलायची होती म्हणे.

जॅनिस विमानाने आली. दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा झाला. हॅमचे सँडविच होते, आणि गल्ली झाडून हजर होती. विल्फच्या आयुष्यात त्याच्याशी जेवढं बोलले नसतील तेवढं सगळे त्याच्याविषयी बोलत होते.

बेरिल एनिडजवळ आली, तिचा हात हातात घेतला. "आता तू जॅनिसकडेच जा बाई. इथे काय राहिलंय तुझं? तुला कुणीही नावं ठेवणार नाही."

"हो ना, जावंच तुम्ही," कोपऱ्यावरचा ग्रीनवुड म्हणाला. "हा देश आता आपल्यासारख्यांचा राहिला नाही."

"आमचं बळ असतं तर आम्हीही गेलो असतो," आणखी कुणी म्हणालं.

एनिडने कप ठेवला आणि ती उभी राहिली. अशा चहात उभं राहून बोलायची पद्धत नसते, त्यामुळे सगळे तिच्याकडे वळले.

"मला जायचंच होतं," ती म्हणाली. "विल्फशी मी रोज भांडत होते त्यावरून. तेव्हा तुमच्यापैकी कुणी म्हणालं नाही, जा. आज सगळे म्हणताय. का म्हणताय ते कळतंय मला. मी गेले की ते दार बंद होईल, आणि तुम्हाला रोज सकाळी त्यात मला बघावं लागणार नाही. देश कुणी बिघडवला? तीन पोरांनी? माझ्या हाका किती जणांनी ऐकल्या, सांगा ना! अहो, कात्री माझ्याकडे होती. मला फक्त दाराच्या बाहेरचं एक माणूस हवं होतं. अख्ख्या गल्लीत एक!"

 बेरिलने हात सोडला होता.

"आई, चल ना गं माझ्याबरोबर," रात्रीच्या जेवणाला जॅनिस रडत म्हणाली.

"येईन. तुला भेटायला येईन," एनिड म्हणाली. "पण राहायला नाही. ॲक्रॉइडचं दार रिकामं होतं म्हणून आमचं बांधता आलं, जॅनिस. मी गेले, तर माझ्या रिकाम्या दाराला उद्या कुणाचं बांधतील?"

ती राहिली. सोपं नव्हतं ते. रात्री फटीचा आवाज झाला की ती दचकून उठायची. दोन कप काढायची आणि एक परत ठेवायची. कित्येकदा तिला वाटलं, जॅनिसचं ऐकायला हवं होतं. जे गेले त्यांना तिने कधी दोष दिला नाही. जीव नकोसा झालेला माणूस जातो, त्याने जावं.

पुढच्या वर्षी चार नोव्हेंबरला अंधार पडायच्या आत गल्लीतले पडदे नेहमीसारखे मिटले. एनिडने मात्र आपलं दार सताड उघडलं, आतला दिवा लावला, कोट घातला आणि उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसली. मांडीवर पार्किनचं ताट आणि खिशात कात्री. गार वारा घरभर शिरत होता. दोन-चार पोरं कोपऱ्यावरून डोकावली, तिला बघून घुटमळली आणि निघून गेली.

बऱ्याच वेळाने समोरचं दार उघडलं. बेरिल स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत रस्ता ओलांडून आली आणि एनिडच्या शेजारी बसली. वर्षभरात त्या दोघी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"दोरी माझ्याच घरातली होती," बेरिल म्हणाली. "कपडे वाळत घालायची. दुपारी कॉनरच्या हातात बघितली होती मी. विचारलं नाही. आणि तू हाक मारलीस तेव्हा मला कळलं होतं, एनिड. मला सगळं कळलं होतं. मी बाहेर आले असते तर माझा कॉनर..."

"माहीत आहे मला. दिसली होतीस तू."

"वर्षभर माहीत होतं तुला? मग बोलली का नाहीस?"

"तू बोलायची वाट बघत होते. त्यासाठीच राहिले."

बेरिल तोंडावर हात घेऊन हमसून हमसून रडली. एनिडने तिला जवळ घेतलं नाही, ते तिला अजून जमणार नव्हतं. थोड्या वेळाने तिने पार्किनचं ताट मात्र पुढे केलं.

"उद्या सकाळी चौकीवर जायचं," ती म्हणाली. "तू सांगायचंस. मी येईन बरोबर."

बेरिलने मान डोलावली. मग वळून समोर पाहिलं. येताना ती आपलं दार लावायला विसरली होती. ते उघडंच होतं, आणि आतला उजेड रस्त्याच्या मध्यापर्यंत आला होता.

"लावून येऊ का?" तिने विचारलं.

"राहू दे," एनिड म्हणाली.