उलटे वेढे

हेडलाइटच्या मागे हात घालून तो पंख्याच्या वायरीसाठी वाट शोधत होता, तेव्हा बोटांना एक जुना जोड लागला. त्याचाच होता. दोन महिन्यांपूर्वी याच गाडीचा हॉर्न मुका झाला होता, तेव्हा बांधलेला. त्याने टेपवरून अंगठा फिरवला आणि तो थांबला. कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्याने ती वायर हलकेच उजेडात घेतली.

टेपचे वेढे उजवीकडे कलले होते.

तो डावखुरा होता. शाळेत हातावर छड्या मारून मारून त्याला उजव्या हाताने लिहायला लावलं होतं. पण टेप गुंडाळायला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून तेवढं काम डाव्या हाताकडे राहिलं. चाळीस वर्षं त्याने बांधलेल्या प्रत्येक जोडावरचे वेढे डावीकडे कलत आले होते. दुसऱ्या गॅरेजांतले वायरमन बॉनेट उघडताच ओळखत, हा म्हाताऱ्याचा जोड. "तुमचं काम आरशात बघून करावं लागतं," असं एकाने एकदा म्हटलं होतं, आणि ते त्याला मनातून आवडलं होतं.

त्याने वायर होती तशी आत सरकवली.

"सापडली वाट?" मुलीने विचारलं. ती टेबलाजवळ उभी राहून नवा पंखा खोक्यातून काढत होती.

"सापडली," तो म्हणाला.

तिला तो अजून चिमणी म्हणत असे. नाव पडलं तेव्हा ती तशी होती. आता अडतिसावं वर्ष चालू होतं आणि दुकानाच्या मागच्या दारातून येताना तिला मान वाकवावी लागे. वायर सोलण्यापासून सगळं काम ती त्याच्याजवळच शिकली होती. आणि ती उजव्या हाताने काम करत असे.

दुकानासमोर पशुवैद्यांची जीप उभी होती. मागचा दिवा लागत नाही म्हणून सकाळीच आली होती. गेल्या आठवड्यात तिच्या वायपरची वायर त्यानेच जोडली होती. पाणी प्यायचं निमित्त करून तो बाहेर गेला, जीपचं बॉनेट उचललं, कडेने जाणारी ती वायर शोधली. इथेही उजवीकडे. टेप नवी होती, तिच्यावर धूळही बसली नव्हती.

त्याने बॉनेट अलगद टेकवलं. आवाज होऊ नये म्हणून शेवटी हाताने दाबलं.

म्हणजे तो घरी गेल्यावर ती त्याचं काम उघडून पाहत होती. किती दिवसांपासून, हे त्याला कळेना. आणि पाहून काय सापडत होतं, हे तर त्याहून कळेना. ती नुसती भित्री झाली असेल. किंवा नसेलही. अलीकडे त्याच्याकडून गोष्टी विसरल्या जात होत्या हे खरं. पण त्या चाव्या, नावं, ग्राहकाने सांगितलेले दिवस अशा होत्या. हातांचं तसं नव्हतं. हातांना आठवावं लागत नसे.

तिला विचारावं असं त्याला पाणी पिताना दोनदा वाटलं. मग त्याने ठरवलं, विचारायचं नाही. आजचं काम असं करायचं की बोट ठेवायला जागा मिळणार नाही. आणि तिने ते उघडलंच, तर बोलायचं.

गाडी औषधाच्या दुकानदाराची होती. जुनी, पण जपलेली. तिचा मूळचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे. रहदारीत गाडी थांबली की इंजिन मंदावायचं, पंखाही मंदावायचा आणि काटा लाल रेघेकडे चढायचा. आता विजेचा पंखा बसवायचा होता, म्हणजे गाडी उभी असली तरी तो स्वतःच्या जोरावर फिरेल. बसवणं तासाभराचं होतं. खरं काम वायरींचं. बॅटरीपासून जाड लाल वायर, तिच्यावर लगेच फ्यूज, तिथून रिले, म्हणजे इशाऱ्यावर चालू-बंद होणारा खटका, रिलेतून पंखा. पाणी तापलं की एक बारकी वायर रिलेला नुसता इशारा देणार. ओझं सगळं जाड वायर वाहणार.

तो हळू काम करत होता. वायरीचं प्रत्येक टोक त्याने पिळलं, दाबलं, ओढून पाहिलं. वायर जिथे पत्र्याला घासेल तिथे रबरी नळी चढवली. चिमणी मधेच येऊन उभी राहिली.

"मी घेऊ का थोडं?"

"तू जीपचं बघ."

"जीपला घाई नाही."

"मग बस निवांत. बस म्हटलं की बसवत नाही तुला. आईवर गेलीस."

ती हसली आणि गेली.

चाचणी घेताना फ्यूजच्या जागी तो तांब्याच्या तारेचा एक जाडसर तुकडा लावत असे. काही उलटसुलट झालं असलं तर फ्यूज वाया जाऊ नये म्हणून. त्या तुकड्याला त्याने पिवळी नळी चढवली होती आणि तो भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला असे. चाचणी झाली की तार काढायची, फ्यूज बसवायचा, मगच फ्यूजच्या डबीची टोपी लावायची. तार राहिली तर पंखा छान फिरतो, कुणाला काही कळत नाही. पण पुढे कधी वायर घासून उघडी पडली की करंट तोडायला मधे कुणी नसतं. वायर पेटते. तारेवर गाडी सोडणारा वायरमन त्याच्या लेखी वायरमनच नव्हता.

त्याने नवा फ्यूज काढून ठेवला, तार लावली, इशाऱ्याची वायर टेकवली. पंखा घरघरत सुरू झाला. रेडिएटरसमोर धरलेला वर्तमानपत्राचा कागद जाळीला जाऊन चिकटला. वारा योग्य दिशेने ओढला जात होता.

"काका, झालं की काय?" औषधवाला दारात आला होता. दुकान नोकरावर सोडून तो तिसऱ्यांदा डोकावत होता.

"होत आलं."

"उद्या सकाळीच निघायचंय. आईला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय ना, पाच तासांचा रस्ता आहे. तिचे पाय गेलेत आता. गाडीत बसवायला दोघं लागतात, उतरवायलाही दोघं. मधे कुठे गाडी तापून उभी राहिली तर मी एकटा काय करणार सांगा."

"नाही तापायची."

"तुम्ही म्हणालात म्हणजे झालं. मी ह्या ताईंना आधीच सांगितलं होतं, पंखा काकांनीच बसवायचा."

औषधवाला आईबद्दल सांगत राहिला. ती मागच्या सीटवर आडवी झोपते, खिडकी बंद ठेवते, वारा सोसत नाही. म्हातारा मान डोलवत होता आणि त्याचे हात चालूच होते. टोपी बसली. टोपीवर टेप बसली. मग राहिलेल्या जोडांवर, एकेक करून, डावीकडे कललेले नीट वेढे. औषधवाला गेल्यावर त्याने सगळ्या वायरी पुन्हा एकदा ओढून पाहिल्या. मग आणखी एकदा.

हात पुसून तो म्हणाला, "मी जरा पाय मोकळे करून येतो."

"चहा टाकणार होते."

"आल्यावर."

कोपऱ्यावर कुलपांच्या दुकानापुढे एक बाक होता. तो तिथे जाऊन बसला. पोटच्या मुलीसाठी सापळा लावून आपण बाकावर बसलो आहोत, हे त्याला बसल्यावर नीट कळलं, आणि त्याला उठून परत जावंसं वाटलं. पण तो बसून राहिला. कुलूपवाल्याने तब्येत विचारली. उत्तम, तो म्हणाला. वीस मिनिटं त्याने कशीबशी काढली.

परत आला तेव्हा गाडीचं बॉनेट बंद होतं आणि टेबलावर दोन कप भरून ठेवले होते. तो कपांकडे न जाता गाडीकडे गेला.

चारही ठिकाणी वेढे उजवीकडे कलले होते.

"उघडलंस," तो म्हणाला.

चिमणी कपांपाशी उभी होती. "नजर टाकली फक्त."

"नजर टाकायला टेप काढावी लागते?"

"बाबा, चहा निवतोय."

"हॉर्नचा जोडही उघडलास. जीपचाही. मी घरी गेलो की माझा पेपर तपासायला बसतेस तू." त्याचा आवाज चढला नव्हता, पण तो नेहमीपेक्षा भरभर बोलत होता. "लाल वायर कुठली नि काळी कुठली, हे तुला मी शिकवलं. टेस्टर उलटा धरायचीस. आणि आज तू मला गुण देणार. किती दिलेस? सांग ना. पास केलंस की नाही?"

"बाबा."

"काय सापडलं? तेवढंच सांग."

तिने कप उचलला आणि परत ठेवला.

"काही नाही. सगळं बरोबर होतं. पैकीच्या पैकी."

हेच त्याला ऐकायचं होतं. तरीही राग उतरेना. बरोबर होतं तर उघडलंस का, असं त्याने विचारलं. सवय लागली, असं ती म्हणाली. कसली सवय, बापावर अविश्वास दाखवायची? तिने सगळं ऐकून घेतलं, नको इतक्या शांतपणे. बोलून थकल्यावर त्याने चष्मा पुसायला रुमाल हवा म्हणून सदऱ्याच्या खिशात हात घातला.

रुमालाबरोबर फ्यूज बाहेर आला.

तो हिरव्या रंगाचा, तीस अँपियरचा, नवा होता. त्याने तो उजेडात धरला. बसवलेल्या फ्यूजच्या पायांवर बारीक ओरखडे उमटतात. याचे पाय गुळगुळीत होते.

पण फ्यूज त्याने बसवला होता. बसताना होणारा आवाज त्याला स्पष्ट आठवत होता. चाळीस वर्षांत तो आवाज त्याने हजारो वेळा ऐकला असेल. त्यातला हा आजचा कोणता, हे मात्र त्याला सांगता येईना.

त्याने भिंतीकडे पाहिलं. पिवळ्या नळीचा तुकडा खिळ्याला टांगलेला होता. तो त्याने टांगला नव्हता.

चिमणी उरलेली वायर गुंडाळत होती. ती वायर आधीच गुंडाळलेली होती.

मग त्याने फ्यूज टेबलावर, दोन कपांच्या मधे ठेवला.

"ह्याच्या आधी?" त्याने विचारलं.

"हॉर्नचं बरोबर होतं, बाबा," ती लगेच म्हणाली. "अगदी बरोबर होतं."

तो वाट पाहत राहिला. जीपबद्दल ती काही बोलली नाही.

औषधवाला गाडी न्यायला आला तेव्हा दोघांनीही चहा घेतलेला नव्हता. चिमणीने इंजिन सुरू करून दिलं. तिघं बॉनेटभोवती उभे राहिले. काटा हळूहळू चढला, मधल्या रेघेपाशी आला, आणि पंखा आपोआप सुरू झाला. औषधवाल्याने जाळीसमोर हात धरून पाहिला, लहान मुलासारखा हसला.

"हे बघा. ह्याला म्हणतात हात. काका, आता आई गाडीत बिनघोर झोपेल."

"ऐका," म्हातारा म्हणाला. "हे काम मी केलं होतं, पण—"

"बाबांनी सगळं दोनदा तपासून घेतलंय," चिमणी मधेच म्हणाली. तिने बॉनेट बंद केलं. "तुम्ही निश्चिंत जा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो औषधवाल्याकडे वळला आणि शब्द तोलत म्हणाला, "मी फ्यूज बसवायला विसरलो होतो. हिने बसवला."

औषधवाला आधी हसला. मग दोघांची तोंडं पाहून हसायचा थांबला. "आता बसलाय ना?" त्याने विचारलं, आणि ते त्याने चिमणीला विचारलं.

"बसलाय," ती म्हणाली.

गाडी वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत दोघं दारात उभे होते. "कशाला सांगायचं होतं," ती हळूच म्हणाली. "उद्यापासून प्रत्येक जण विचारेल आता."

"विचारू दे."

तिला वाटलं तो आता घरी जाईल. सदऱ्यावरचा कामाचा अंगरखा काढून तो हुकाला अडकवेल, डबा उचलेल. त्याने अंगरखा काढला नाही. खणातून टॉर्च काढला, दोनदा तळहातावर आपटून तो लागतोय का पाहिलं आणि तो जीपच्या मागे गेला. दिव्याची वायर सीटखालून येत होती. तिथे दुपारीसुद्धा अंधार असे.

"चल," तो म्हणाला. "तू कर. मी बॅटरी धरतो."

"बॅटरी सोडवायला लागणार नाही, बाबा. नुसती वायर..."

"हातातली म्हणतोय."

ती पक्कड घेऊन आली, सीट उचलली आणि आडवी होऊन डोकं आत घातलं. तो तिच्या पायांशी उकिडवा बसला. प्रकाशाचा गोळा वायरींच्या जुडग्यावर पडला. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

आत पक्कड दोनदा वाजली आणि थांबली. ती सांगू की नको अशी अडखळत असावी.

"उजेड जरा डावीकडे," ती शेवटी म्हणाली.

त्याने टॉर्च सरकवला.

"अजून थोडा. हां. आता हलवू नका."

"नाही हलवत," तो म्हणाला.