आचल बाग

आमची आचल जाऊन महिना झाला नसेल, तेव्हा बंडूजी घरी आले. नालवाडीच्या आमच्या लेआउटमधली, म्हणजे वसाहतीतली, सगळी कामं तेच अंगावर घेत. नळ असो, खांबावरचे दिवे असोत, गणपतीची वर्गणी असो. चहा नको म्हणाले. खाली मान घालून माझ्या यजमानांना सांगू लागले की, घरांच्या मधोमध बागेसाठी सोडलेली जागा लेआउटवाला आता प्लॉट पाडून विकायला निघाला आहे. अर्ज करून काही होत नव्हतं.

"तिथं पोरीच्या नावाची पाटी लावू द्या," ते म्हणाले. "गेलेल्या लेकराच्या नावावर कोणी कुदळ मारत नाई."

नऊ वर्षांची होती. ताप डोक्यात गेला. त्याच जागेत ती रोज घरं आखून लंगडी खेळायची. मीच हो म्हटलं.

पाटी लागली. पत्र्यावर निळ्या अक्षरांत 'आचल बाग'. पुढच्या आठवड्यात लेआउटवाला मोजणीची साखळी घेऊन माणसांसह आला. पाटीसमोर उभा राहिला, चपला काढल्या, हात जोडले आणि साखळी गुंडाळून परत गेला. त्याच्याही घरी लेकी होत्या. मग लोकांनी काट्यांचं कुंपण केलं, कडुलिंब लावले, पोरांसाठी एक झोका टांगला.

पण नाव लोकांच्या तोंडी गेलं, की ते आपलं राहत नाही. आचलमध्ये कुत्री व्याली. आचलमध्ये कोणी तरी बाटल्या फोडल्या. आचलमध्ये चिखल झाला, जाऊ नको. शेजारणी हे सहज बोलत, आणि यजमान हातातला घास खाली ठेवत. एकदा एकादशीला मी स्वतः त्या काचा वेचल्या. तेव्हा त्यांनी विचारलं होतं, कशाले दिलं व आपण हे नाव? मी पुढची काच उचलली.

आंघोळ झाली, की मुंग्यांना साखर-पीठ घातल्याशिवाय मी अन्न घेत नाही. हा नेम सासूबाईंनी लावून दिलेला. आधी अंगणात घालायची, मग कडुलिंबाखाली घालू लागले. बागेत जायला तेवढं निमित्त. आणि हळूहळू, कधी ते सांगता येणार नाही, त्या नावाचा काटा बोथट झाला. संध्याकाळी पोरं आमच्या फाटकासमोरून ओरडत जायची, "काकू, आम्ही आचलमध्ये चाललो." दिवे लागले, की कुठली तरी आई ओरडायची, "आचलमध्येच राह्यतं का आता, घरी नाई यायचं?" मी तुळशीपाशी दिवा घेऊन थांबायची. ती हाक आली, की मगच वात लावायची. यजमानही दुकान थोडं लवकर बंद करू लागले. पायरीवर बसायचे. कान कमी झाले होते त्यांचे, पण ते नाव बरोबर ऐकू यायचं. आमच्या पोरीला सारा लेआउट रोज हाका मारत होता. इतकं कोणाच्या गेलेल्या लेकराच्या वाट्याला येतं?

वर्षं गेली. जुनी घरं विकली गेली, नवे लोक आले. आंजीहून वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन येणारी शोभाबाई बागेच्या तोंडाशी बसायची. नव्या सुना तिला विचारायच्या, आचल म्हणजे कोण? ती सांगायची. पुढे तेही कोणी विचारेनासं झालं.

मग लेआउटवाला वारला आणि नागपूरहून त्याचा मुलगा आला. त्यानं काटे काढून टाकले, चुन्याच्या रेषा मारल्या. बंडूजी म्हातारे झाले होते, तरी आडवे गेले. पाटी दाखवून आचलची गोष्ट सांगू लागले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"सबके घर से कोई न कोई गया है, जी," तो म्हणाला.

त्याचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही.

पंचायत म्हणाली, पक्की भिंत आणि लोखंडी फाटक झालं, तर जागा ताब्यात घेऊ, मग कोणाला विकता येणार नाही. भिंत बांधायला पैसा नव्हता. बंडूजींनी बाजारातल्या हर्षितला गाठलं. त्याचे वडील, मोतीलालजी, नुकतेच गेले होते. तो सारं करून द्यायला तयार झाला. फाटकावर वडिलांचं नाव हवं, इतकंच.

तो स्वतः आमच्या घरी आला. डोक्यावर नुकते केस फुटत होते. "बाबाले झाडाचा लय नाद होता, काकू," म्हणाला आणि बागेतल्या कडुलिंबांकडे पाहू लागला. त्याच्या हातात पाण्याचा पेला देताना मला कळलं, की या माणसाचा राग करणं मला जमायचं नाही.

यजमानांनी हळूच विचारलं, "खाली बारीक अक्षरात तिचं राहील का?"

"राहील ना, काका," तो म्हणाला. त्यानं शब्द पाळला.

पण फाटकावर काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही, लोक वरचं मोठं नाव उचलतात, हे मला ठाऊक होतं. यजमान माझ्याकडे पाहत होते. समोर खिडकीतून लंगडीच्या घरांसारख्या चुन्याच्या रेषांवर पोरं उड्या मारताना दिसत होती.

"लावा," मी म्हटलं. "पोरांले खेळाले जागा पाहिजे."

भिंत झाली. झोका नवा आला. जागा वाचली, खरंच वाचली. थोडे दिवस दोन्ही नावं चालली, मग एकच उरलं. एका सकाळी शोभाबाई कोणाला तरी सांगत होती, "मोतीलालपाशी बसतो ना मी." मला पाहून तिनं एक जुडी पुढे केली. "काय करू, बाई," म्हणाली, "जुनं नाव सांगतलं तं गिऱ्हाइकाले समजत नाई." मी तिच्याकडून सांबार घेतला आणि मुंग्यांकडे गेले.

त्या संध्याकाळी तुळशीपाशी उभी होते. पोरं धावत गेली, दिवे लागले, आया ओरडल्या, "मोतीलालमध्येच राह्यतं का आता?" यजमान पायरीवर बसले होते, कानामागे तळहात धरून.

"काऊन व," त्यांनी विचारलं, "आज पोरं खेळाले गेली नाई का?"

"गेली."

"मले कोणाचीच हाक नाई आली."

खोटं बोलायचं नाही, हाही माझा नेम आहे.

"गेली, म्हटलं ना," मी म्हटलं, आणि वात लावली.